डावं मागचं चाक माझं

साठवायचं म्हणून ठरवलं ते माझ्याच्यानं कधीच साठलं नाही. सोनं नाही, एफडी नाही. भिशी लागली की त्याच आठवड्यात घरातलं काहीतरी बंद पडतं. साठले ते फक्त किस्से! आणि तेही जवळजवळ सगळे एकाच गाडीचे. मैत्रिणी भेटल्या की आधी विचारतात, "वंदना, गाडी कशी आहे गं?" मग आठवलं तर नवऱ्याचं विचारतात.

तर गाडी. पांढरी, छोटी, चार दारांची. त्यातली तीन उघडतात. मालकही चार. सगळे एकाच शाळेतले मास्तर. बिराजदार सर गणिताचे, शिंदे सर पीटीचे, नसीम आपा हिंदीच्या आणि मी मराठीची. शाळा औशाच्या पुढं, फाट्यावरून अडीच किलोमीटर आत. खासगी शाळा, अनुदान टप्प्याटप्प्यानं येणारं. त्यामुळे आमचा पगार म्हणजे पाहुणा. कधी येईल सांगता येत नाही, आणि आला की दोन दिवसांत निघायची घाई!

लातूरहून एसटी आहे, पण ती फाट्यावर सोडते. पुढं चालत. आम्ही तिघं चालू शकतो. नसीम आपा नाही. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या, मुलगी नांदेडला बी.फार्मसीला, अजून दोन वर्षं बाकी. आपा सरळच सांगतात, "गाडी बंद, तो मेरी नोकरी बंद. बस, इतनाच हिसाब है."

म्हणून आम्ही चौघांनी मिळून बिराजदार सरांच्या मेहुण्याची जुनी गाडी घेतली. घेणं सोपं होतं हो. सांभाळणं म्हणजे घरात एक जावई कायमचा ठेवून घेतल्यासारखं!

*

खर्च कसा वाटायचा, यावर पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये बैठक बसली. मी म्हटलं, "एक वही घालू."

बिराजदार सर निलंग्याकडचे. ते म्हणाले, "वही आली की भांडण आलं मॅडम. आमच्याकडं भावाभावांत शेत वाटतात तसं वाटू. चिठ्ठ्या टाकू. ज्याच्या वाट्याला जे येईल, ते त्यानं मरेपर्यंत सांभाळायचं."

"कोण मरेपर्यंत? आपण का गाडी?" शिंदे सरांनी विचारलं.

"जे आधी मरंल ते!"

पेनस्टँडमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. बिराजदार सरांना इंजिन, बॅटरी आणि उजवं मागचं चाक. शिंदे सरांना क्लच, गिअर आणि उजवं पुढचं. आपांना ब्रेक, लाइट आणि डावं पुढचं. मला हॉर्न, वायपर, दारं आणि डावं मागचं चाक.

मला वाटलं, सुटले! हॉर्न आणि वायपरला काय खर्च येतोय? लातुरात पाऊस तरी कुठं पडतो एवढा!

घरी जाऊन आनंदानं सांगितलं. आमचे हे पेपर खाली न घेता म्हणाले, "लोकांच्या बायका अक्षय्य तृतीयेला सोनं घेतात. आमच्या बाईनं डावं मागचं चाक घेतलं."

आणि हो, चौथं दार का उघडत नाही, हे आता तुम्हाला कळलं असेल. दारं माझ्याकडं आहेत.

*

पहिल्याच महिन्यात माझं चाक चार वेळा पंक्चर झालं. बाकीच्या तिघांची ठणठणीत!

शिंदे सर म्हणाले, "मॅडम, तुमचं चाक काटे हुडकत जातंय."

मला मात्र वेगळाच संशय होता. गाडी बिराजदार सर चालवायचे. आमच्यात लायसन त्यांच्याकडंच. आणि मी मागं डावीकडं बसून नीट बघायचे. रस्त्यात खड्डा दिसला की गाडी अशी हळूच वळायची, की तो खड्डा बरोबर माझ्या बुडाखाली यायचा! सरांचं चाक मात्र डांबरावरून लोण्यासारखं जायचं.

एक दिवस मी बोलून टाकलं, "सर, तुम्ही स्वतःचं चाक वाचवून राहिलात. खड्डे सगळे माझ्या वाट्याला."

सरांनी गाडीच थांबवली. मागं वळून म्हणाले, "मॅडम, मी गाडी चालवतो का सुई ओवतो?"

मला वाईट वाटलं. मी माफी मागितली.

गाडी सुरू झाली. दहा मिनिटांनी एक मोठा खड्डा आला आणि धाडकन उजवं मागचं चाक त्यात गेलं. मग आपा हळूच म्हणाल्या, "सर, आज सुई में धागा चला गया!"

*

हॉर्न गेला. म्हणजे माझा हॉर्न गेला. दुकानातला नवा परवडेना, म्हणून मी भंगार बाजारात गेले. तिथं एकानं "नव्यासारखा" हॉर्न काढून दिला. वाजवून दाखवला. गोड वाजत होता हो! म्हटलं, सगळ्यांचे हॉर्न नुसते बोंबलतात, आमचा तरी गाणं म्हणेल.

दुसऱ्या दिवशी गाव लागलं. समोर म्हैस उभी. सरांनी हॉर्न वाजवला. म्हैस जागची हलली नाही, पण दोन्ही बाजूंच्या घरांतून पोरं पळत आली! कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात ग्लास. मागून एक म्हातारी पदरातलं नाणं सोडत आली आणि खिडकीत वाकून मला म्हणाली, "बाई, पाचाची दे. वर लाल रंग लई टाक."

तो हॉर्न गारेगारवाल्याच्या टेम्पोचा होता!

शाळेत तर कहर. प्रार्थना चालू होती. गाडी फाटकातून आत आली, हॉर्न वाजला आणि पाचवीची अख्खी रांग मोडली. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी खाली मान घालून उभी.

बाहेर आले तर आपा दारातच. म्हणाल्या, "वंदना, बुरा नक्को मानो. लेकिन आज सुबह इत्ते लोग पैसे लेके अपने पास आए. पगार के बारे में ऐसा कब हुआ था?"

*

एका सकाळी औशाच्या अलीकडं चहाला थांबलो आणि परत निघताना गाडी अडली. सुरू होई, पण हलेना. आमचे मिस्त्री गनीभाई. भला माणूस, पण गॅरेज सोडून यायचे पैसे वेगळे घेतो. ते वाचवायला शिंदे सरांनी युक्ती काढली. "आवाज रेकॉर्ड करून पाठवू. गनीभाई आवाजावरून ओळखतात."

सरांनी इंजिन चालू ठेवलं, शिंदे सरांनी बॉनेटमध्ये मोबाईल धरला, व्हॉइस मेसेज पाठवला. दोन मिनिटांत गनीभाईचा फोन. आवाजच पडलेला.

"सर, गाडी को हात मत लगाव. इंजिन गया. पूरा का पूरा गया. अंदर का सामान सब एक दूसरे पे आदळ रहा है. ऐसा आवाज मैंने जिंदगी में नहीं सुना!"

बिराजदार सर रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. इंजिन त्यांच्या वाट्याचं ना! मी पाण्याची बाटली पुढं केली. आपा गाडीतच बसून राहिल्या.

पाच मिनिटं गेली. मग शेजारच्या शेतातलं सोयाबीनचं मळणी यंत्र बंद पडलं. आणि एकदम सगळीकडं शांत झालं!

शिंदे सरांनी परत रेकॉर्ड केलं, परत पाठवलं. गनीभाईचा परत फोन. "अब एकदम बरोबर है! हँडब्रेक ओढलेला आसंल, खाली करा आणि जावा."

हँडब्रेक ओढलेलाच होता.

संध्याकाळी गॅरेजवरून जाताना गनीभाईनं हात केला. म्हणाला, "सर, हात न लावता इंजिन नीट करून दिलं. एक चहा तो बनता है!"

*

माझं माहेर नांदेड. मामेबहिणीचं लग्न, भर मे महिन्यात. मी तिघांकडं परवानगी मागितली आणि गाडी घेऊन निघाले. चालवायला माझा भाचा. जन्मात पहिल्यांदा माहेरी एसटीऐवजी गाडीतून उतरणार होते! शालू नेसले, अंबाड्यावर गजरा, डोळ्यांत काजळ.

निघताना बिराजदार सरांनी एकच सूचना दिली. "गाडी लई तापते. काटा वर गेला की हीटर लावा."

"मे महिन्यात हीटर?"

"इंजिनची उष्णता आत ओढून घेतं. इंजिन वाचतं. माणसाचं काय, माणूस सहन करतो!"

अहमदपूरच्या पुढं काटा वर गेला. हीटर लावला. मग नांदेडपर्यंत काटा काही खाली आला नाही, आणि आम्ही हीटर बंद केला नाही. बाहेर बेचाळीस. आत किती, ते विचारू नका. सासूबाई मागं बसून नामस्मरण करत होत्या. आधी मनात, मग मोठ्यानं.

मंगल कार्यालयापुढं गाडी थांबली. सगळे नातेवाईक दारातच. माझ्या बाजूचं दार उघडत नाही, त्यामुळे सासूबाईंच्या अंगावरून सरकत मी पलीकडच्या दारानं बाहेर आले. शालू भिजलेला, गजरा शिजलेला, काजळ गालांवरून गळ्यापर्यंत.

मामींनी मला बघितलं आणि पळत येऊन मिठीच मारली. "अगं किती रडलीस गं वाटेत! अजून तर पाठवणी व्हायचीय!"

*

दसऱ्याला गाडीची पूजा. प्रत्येकानं आपापल्या भागाची करायची. बिराजदार सरांनी बॉनेटला हळदकुंकू वाहिलं. मी माझ्या चाकाला झेंडूची माळ घातली. आपा म्हणाल्या, "मेरे ब्रेक को भी फूल डालो भई, उसने क्या गुनाह किया?" मग शिंदे सर गाडीखाली झोपून ब्रेकला फूल लावून आले.

चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली. गाडी पुढं घ्यायची, लिंबं चिरडायची, की झालं. सर बसले. किल्ली फिरवली. गाडी घरघरली आणि गप्प झाली. परत फिरवली. परत गप्प. शिंदे सरांनी धक्का द्यायला हात लावला, तर सर ओरडले, "तम्मा, थांब! पूजेच्या गाडीला ढकलायचं नसतं!" सर चिडले की शिंद्यांना तम्मा म्हणतात. त्यांच्याकडं धाकट्या भावाला म्हणतात तसं.

अर्धा तास झाला. ऊन वाढलं. शेवटी आपांनी मला चारी लिंबं काढायला लावली, धुतली, पिळली, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना सरबत दिलं.

"लिंबू फुटना था, फूट गया," त्या म्हणाल्या. "अब पीओ और धक्का मारो."

*

एकदा गाडी तीन दिवस गॅरेजला होती. तिसऱ्या दिवशी आपांची रजा संपली. एसटीनं फाट्यावर आल्या. पुढं अडीच किलोमीटर. त्या फाट्यावरच्या हॉटेलातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिल्या.

तेवढ्यात खताची पोती घेऊन गावाकडं एक ट्रॅक्टर निघाला. हॉटेलातल्या चार गड्यांनी आपांना खुर्चीसकट उचललं आणि ट्रॉलीत पोत्यांवर ठेवलं! आपा शाळेत आल्या त्या अशा. खुर्चीत बसून, मांडीवर पर्स, डोक्यावर छत्री. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

पण उतरवणार कोण? चार गडी तर हॉटेलातच राहिले! शिंदे सर आठवीच्या पोरांना घेऊन तालुक्याला कबड्डीला गेलेले. बिराजदार सरांची कंबर धरलेली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बाई, बसा निवांत. मी चहा पिऊन येतो."

घंटा झाली. आपांनी वरूनच सातवीची हजेरी घेतली. "एक नंबर!" "हाजिर मॅडम!" सगळा वर्ग ट्रॉलीभोवती उभा.

मुख्याध्यापक मस्टर घेऊन बाहेर आले. चष्मा वर करून बघत म्हणाले, "शेख मॅडम, आता तुमचं काय करू? लेट मार्क देऊ का नको?"

"सर, आयी तो टाइम पे. उतरी नहीं, इतनाच!"

सगळे हसले. आपाही हसल्या. मग गावातल्या चौघांनी त्यांना खुर्चीसकट उतरवलं. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत त्याच ट्रॅक्टरनं आले. वाटेत त्यांनी छत्री मिटली आणि म्हणाल्या, "वंदना, लोगां एक दिन उठाते. रोज कोण उठाता?"

मी म्हटलं, "मी माझ्या चाकाचं बघते आपा."

*

आणि यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली. पंधरा झाली की परत पासिंग. आरटीओत नेऊन दाखवायची. पास झाली तर पुढची पाच वर्षं. नाही झाली तर भंगार. आपांना मुलीचं शिक्षण होईपर्यंत दोन वर्षं हवी होती.

आम्ही महिनाभर कामाला लागलो. आपांनी ब्रेक नवे केले. शिंदे सरांनी क्लच. माझी दिवाळीची साडी टायर झाली, आणि चौथं दारसुद्धा मी उघडतं केलं! फक्त एकच गोष्ट गनीभाईच्या हातात येईना. गाडी सुरू होण्याची. मन लागलं तर एका किल्लीत, नाहीतर धक्का. "उसका भरोसा नहीं," गनीभाई म्हणाला. "सामान सब ठीक है. मिजाज का मैं क्या करूँ?"

बिराजदार सरांनी मार्ग काढला. "सकाळी धक्का मारून सुरू करू. आणि काम होईपर्यंत बंदच करायची न्हाई!"

त्याप्रमाणे आम्ही चौघं गेलो. चौघांनी यायची काय गरज होती? काही नाही. पण घरी कोण बसणार! रांगेत सव्वा तास उभे होतो, गाडी चालू ठेवून. शेजारचा म्हणाला, "सर, बंद करा की. पेट्रोल जळून राहिलंय."

सर म्हणाले, "जळू द्या. आपलंच आहे."

आमचा नंबर आला. साहेब तरुण होते, चेहरा एकदम कोरा. ब्रेक बघितले, चांगले. लाइट चांगले. हॉर्न वाजवला. मी नवा बसवला होता, साधा. चारी टायर बघितले. माझ्या टायरपाशी जरा जास्तच थांबले, असं मला वाटलं. मग म्हणाले, "बॉनेट उघडा. गाडी बंद करा. इंजिन नंबर बघायचाय."

सरांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही जमिनीकडं.

"बंद करा ना."

सरांनी किल्ली फिरवली. गाडी बंद झाली. साहेबांनी वाकून नंबर बघितला, लिहून घेतला, बॉनेट लावलं.

"हं. सुरू करा."

आपांनी माझा हात धरला. सरांनी डोळे मिटले आणि किल्ली फिरवली.

एका किल्लीत सुरू झाली!

आणि आमच्या हातून ती चूक झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिघांनी. जोरात. सरांनीसुद्धा स्टिअरिंग सोडून दोन वाजवल्या.

साहेबांचं पेन कागदावर थांबलं.

"टाळ्या कशाबद्दल?"

बिराजदार सरांच्या कपाळावर घाम. शिंदे सर लांब कुठंतरी झाडाकडं बघायला लागले. मी तोंड उघडलं, पण मराठीच्या बाईला मराठीत एक वाक्य सुचेना!

मग आपा एक पाऊल पुढं आल्या. गुडघ्यावर हात ठेवून.

"साहब, हम लोगां टीचर हैं. कोई पहली बार में सही जवाब दिया, तो ताली बजाने की आदत है."

साहेबांनी आपांकडं बघितलं. मग गुडघ्यावरच्या हाताकडं. मग गाडीकडं.

"कितवीला शिकवता मॅडम?"

"सातवी, आठवी. अपने बच्चे फेल नहीं होते साहब."

"मॅडम," साहेब म्हणाले, "ही पंधरावीला आहे."

आपा एक पाऊल मागं सरकल्या.

साहेबांनी पेन खिशाला लावलं. हाताची घडी घातली. "सर, बंद करा."

बंद केली.

"आता परत सुरू करा."

आम्ही तिघांनी हात मागं बांधून घेतले. सरांनी किल्ली फिरवली. गाडी घरघरली, अडखळली, खोकली, आणि सुरू झाली.

आमच्यातलं कुणी हललं नाही. टाळी वाजली ती एकच. साहेबांची.